आप्पांची तारीख

परवा ऑफिसात शिरले तर अख्खा लेखा विभाग शिंकत होता. आमच्याकडे थंडी आल्याचं कॅलेंडर सांगत नाही, नाक सांगतं. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळायला पडली, की वारा तिकडून फिरला रे फिरला, तिचा खकाणा घरात, शाळेत, बँकेत, कुठेही न विचारता शिरतो. नवीन बदलून आलेले साहेब पहिल्या हिवाळ्यात डॉक्टरकडे जातात. दुसऱ्या हिवाळ्यात खिशात दोन रुमाल ठेवतात. तिसऱ्या हिवाळ्यात त्यांना ही हवा आवडायला लागते आणि तेवढ्यात त्यांची बदली होते.

तर त्या शिंकांमधून वाट काढत आमच्या रोखपालाने मोबाइल माझ्यापुढे धरला. "ताई, आठवानं देखं का? आते लवकरच म्हने." आठवा म्हणजे आठवा वेतन आयोग. तो मजकूर कुणी लिहिला, कशावरून लिहिला, काही पत्ता नव्हता. असल्या मजकुरांना आईबाप नसतात. तरी माझ्या छातीत धडधडायला लागलं. लोकांना क्रिकेटच्या सामन्याने होतं, लग्नाच्या वरातीने होतं, ते मला वेतन आयोगाने होतं. हसायचं तर खुशाल हसा. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत आस्थापना विभागाची लिपिक आहे. झाडूवालीपासून पंपचालकापर्यंत सगळ्यांची सेवापुस्तकं माझ्या कपाटात असतात. नगरपालिकेचं नाव सांगत नाही, कारण पुढे आमच्याच लोकांची फजिती सांगायची आहे, आणि त्या फजितीत थोडा वाटा माझाही आहे.

मला आठवतो तो सातव्या आयोगाचा हिवाळा. सरकारी नोकरांना सातवा आमच्याआधी लागला होता. कुणाच्या मास्तर मेहुण्याकडे नवा फ्रिज आला, कुणाच्या तलाठी जावयाने गाडी बदलली, आणि आमची माणसं रोज सकाळी माझ्या टेबलाशी येऊन नुसती उभी राहायची. बोलायची नाहीत. मी मान हलवली की परत जायची. अशी किती महिने मान हलवली असेल, देव जाणे. मग एका दुपारी नगरपालिकांसाठीचा आदेश आला. प्रिंटरमधून पहिलं पान गरम गरम बाहेर आलं, ते मी हातात घेतलं आणि चक्क वास घेतला. बातमी जिना उतरून खाली गेली. अग्निशमनच्या माणसांनी बंबाचा भोंगा एकदा वाजवून घेतला. आग कुठे लागली म्हणून समोरचा सराफ दुकान टाकून धावत आला. त्यालाही आम्ही पेढा दिला.

पुढचे दिवस कसे गेले ते मला दिवसांत सांगता येत नाही, वासांत सांगता येतं. बासनात बांधलेल्या जुन्या सेवापुस्तकांचा कुबट वास, शिक्क्याच्या शाईचा, आल्याच्या चहाचा, ओळीत उभ्या माणसांच्या अंगाला चिकटलेला फिनेलचा आणि ब्लीचिंग पावडरचा. वर मिरची होतीच. सेवापुस्तक उघडलं की पहिल्या पानावर माणसाचा तरुणपणीचा फोटो असतो. टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस समोर उभा आणि पुस्तकात भांग पाडलेला, घाबरलेल्या डोळ्यांचा पोरगा. मी एकदा याच्याकडे बघायचे, एकदा त्याच्याकडे. एका झाडूवाल्या बाईने आपला फोटो बघून विचारलं, "ही कोन शे वं, ताई?" आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावून इतकी हसली की रांगेतल्या सगळ्यांना तिचा फोटो बघायचा होता. अर्ध्या पुस्तकांत जन्मतारीख एक जून. आमच्या भागातल्या हेडमास्तरांनी शाळेत नाव घालताना पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या पोरांना एकाच दिवशी जन्माला घातलं आहे. म्हणून दर एकतीस मेला आमच्याकडे निवृत्तांची रांग लागते आणि हारवाल्याची चंगळ होते.

आता त्या आदेशातली एक गोष्ट समजावून सांगते. एवढी कळली की पुढचं सगळं कळतं. नवा पगार मागच्या एका तारखेपासून लागू झाला होता, पण प्रत्येकाला विचारलं होतं: तुम्हाला तो कधीपासून हवा? बहुतेकांचं हित पहिल्या दिवसापासून घेण्यात. पण एखाद्याला त्यानंतर लगेच वरची श्रेणी मिळालेली असेल, तर त्याने त्या दिवसापर्यंत जुना पगार ठेवून मग उडी मारलेली बरी. ज्याची त्याची तारीख ज्याच्या त्याच्या सेवापुस्तकात. ही निवड ज्या कागदावर लिहून द्यायची, त्याला विकल्प म्हणतात. मुदत एक महिना. मुदतीच्या आत बदलता येतो, पण मुदत संपली की मग ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही. मधल्या काळात जे निवृत्त झाले, त्यांनीही तो भरायचा होता, कारण त्यांची पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते. मी सूचनाफलकावर छान टाईप करून सूचना लावली होती: 'सर्व संबंधितांनी आपला विकल्प विहित नमुन्यात विहित मुदतीत सादर करावा.' ती मला तेव्हा फारच सुंदर वाटली होती.

निवृत्तांमध्ये याकोबभाऊ होते. याकोब गावित, पाणीपुरवठ्याचे वॉलमन, म्हणजे गल्लोगल्लीचे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणारे आणि बंद करणारे. गाव विसरवाडीच्या आत, डोंगराकडे. घरी कोकणी बोली (समुद्राकाठची नव्हे, इथल्या डोंगरातल्या कोकणी आदिवासींची), रविवारी चर्चमध्ये प्रार्थना, खरीपात नागली आणि भात. नोकरीचा सगळा जन्म मात्र त्यांनी आमच्या गावातल्या वॉलच्या खड्ड्यांमध्ये वाकून काढला. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी दिसले की बायका हंडे नळाखाली सरकवायच्या. नळातून आधी नुसती हवा फुसफुसायची, मग एक उचकी, मग पाणी. त्या उचकीचा आनंद ज्याच्या घरी दिवसाआड पाणी येतं त्यालाच ठाऊक. नवा पगार लागू झाला त्याच वर्षीच्या एकतीस मेला ते निवृत्त झाले आणि पत्नी मार्थाबाईंना घेऊन गावी परतले. मूलबाळ नाही. दोघंच.

आणि आप्पा. पाणीपुरवठ्याचे मुख्य फिटर, तेव्हा अजून नोकरीत होते. तापीकाठच्या शेतकरी घरातले, मिशा पिळलेल्या, आवाज टाकीवरून बाजारापर्यंत पोचणारा. घोड्यांचा भारी नाद. पाण्याच्या खात्यात साहेब किती आले आणि गेले, पण हुकूम आप्पांचा. त्याला कारणही तसंच होतं. आप्पा टाकीवर उभे राहून पाण्याची पातळी बघायचे आणि फोनवरून एकेका वॉलमनला सांगायचे, आता सोड, आता बंद कर. पूर्वी फोन नव्हते तेव्हा हात वर करून खुणा करायचे. वॉलच्या खड्ड्यातल्या माणसाला टाकीत काय चाललंय ते दिसत नाही. त्याने आपल्या मनाने चावी फिरवली तर एक गल्ली कोरडी राहते, नाही तर जुनी लाईन फुटते. एकदा एका नव्या वॉलमनने तसं केलंही होतं. मिठाईच्या दुकानात गुडघाभर पाणी शिरलं आणि रस्त्यावरून बुंदीचे लाडू वाहत गेले. तेव्हापासून खात्यात एकच धर्म: आप्पांच्या शब्दाशिवाय चावी फिरवायची नाही. शाळेत शिकवतात ते लोक विसरतात, पण पोटाशी बांधलेला असा नियम अंगात मुरतो.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी पाण्याच्या खात्याचा गठ्ठा सोडला. पहिला विकल्प आप्पांचा. नवा पगार लागू झाला त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली एक तारीख. त्या दिवशी त्यांना वरची श्रेणी मिळाली होती. एकदम बरोबर, मी मनातल्या मनात शाबासकी दिली. दुसरा विकल्प उघडला. तीच तारीख. तिसरा. तीच. मी चष्मा पुसला. तेवीस माणसं, तेवीस विकल्प, आणि सगळ्यांचा नवा पगार आप्पांच्या भाग्योदयाच्या दिवसापासून. एकाने तर घाईघाईत आप्पांचं पदनामसुद्धा उतरवून स्वतःला मुख्य फिटर करून टाकलं होतं. मी इतकी हसले की जन्ममृत्यू विभागाच्या बाई बघायला आल्या. बाकीच्यांचं होणारं नुकसान तसं थोडक्या महिन्यांचं होतं. मग याकोबभाऊंचा कागद वर आला आणि माझं हसू तिथेच थांबलं.

त्यांचीही तीच ऑगस्टची तारीख. आणि ते निवृत्त झाले मे महिन्यात. म्हणजे नवा पगार ज्या दिवशी सुरू व्हायचा, त्या दिवशी हा माणूस नोकरीतच नव्हता. कागदावर त्यांनी सहीनिशी लिहून दिलं होतं की मी जुन्या पगारावरच घरी गेलो. तो कागद तसाच पुढे गेला असता, तर पेन्शन जुन्या पगारावर, उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, जुन्या पगारावर, आणि याकोबभाऊंच्या मागे मार्थाबाईंना जे मिळायचं तेही जुन्याच पगारावर. जन्मभर. मला घाम फुटला, डिसेंबरात. गठ्ठा तर माझ्याच ड्रॉवरमध्ये चार दिवस पडून होता, आणि त्यांचे कागद घेताना मी तोंड वर करून बघितलंही नव्हतं.

दुसऱ्याच्या विकल्पाला मी शाई लावू शकत नाही. तो ज्याचा त्यानेच बदलायचा. मी फोन केला. याकोबभाऊ दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने आले, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी. हातातल्या पिशवीत मार्थाबाईंनी माझ्यासाठी नागलीचं पीठ दिलं होतं. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि नवा कोरा नमुना पुढे सरकवला.

"याकोबभाऊ, ह्या तारखेले तुम्ही कोठे व्हतात?"

"घर," ते म्हणाले. "नागली निंदी ऱ्हायनू व्हतू."

"मंग नागलीमा उभं ऱ्हाईसन तुमले नगरपालिकाना पगार कसा चालू व्हई?"

त्यांना ते पटलं. हसलेसुद्धा. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून शांतपणे म्हणाले, "बरोबर शे, ताई. पन आप्पास्नी जे लिखं, तेच बठ्ठास्नी लिखं. आप्पास्ना सबद नही, तं मी चावी फिरावत नही."

मी समजावलं, आकडे मांडले, थोडी चिडलेही. माझा स्वभाव तसा तापट आहे, मी नाकारत नाही. पण त्यांच्या नकारामागे नुसता हट्ट नव्हता, तेही मला ठाऊक होतं. माझ्या आधीच्या एका लिपिकाने कधीकाळी त्यांच्याकडून कोऱ्या कागदावर 'फक्त सही करा' म्हणून सही घेतली होती, आणि त्यांची आजारपणाची रजा बिनपगारी झाली होती. त्या दिवसापासून कागदाच्या बाबतीत ते फक्त आप्पांवर विश्वास ठेवत. पंपघरातल्या बाकीच्यांना फोन लावला, तर तिथूनही तेच उत्तर. आप्पा म्हणतील तसं. आणि आप्पा होते रजेवर. दत्तजयंतीचे दिवस, सारंगखेड्याची यात्रा भरलेली, आणि आप्पा यात्रेत घोडे बघण्यात गुंग. फोन वाजत होता, उचलत कोण होतं?

घड्याळात साडेअकरा झाले होते. ऑफिस सुटायच्या आत कागदावर मुख्याधिकाऱ्यांचा शिक्का पडायला हवा. मी साहेबांना सांगितलं, साहेबांनी भुवया वर केल्या, पण अर्ध्या दिवसाच्या रजेवर सही केली. मी स्कूटी काढली आणि म्हटलं, "बसा याकोबभाऊ." ते आधी स्कूटीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मग सेवापुस्तक आणि कोरा नमुना पिशवीत घालून, पिशवी छातीशी धरून मागे बसले. आमच्या ऑफिसच्या गॅलरीत त्या वेळी जेवढी माणसं उभी होती, तेवढी मी पुढे दिवाळीच्या कार्यक्रमालाही पाहिली नाहीत.

तो रस्ता मला अजून लख्ख दिसतो. दोन्ही बाजूंनी केळी, पपई, उसाच्या गाड्या, बोंडं फुटलेला कापूस. ऊन होतं पण बोचत नव्हतं. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. खरंच सांगते, एका वाक्यावर एका माणसाचं म्हातारपण टांगलेलं असताना मला आतून उकळ्या फुटत होत्या. इतकी वर्षं मी कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ढकलले. त्या दिवशी पहिल्यांदा कागद घेऊन धावत होते. मागून याकोबभाऊ अधूनमधून "हळू, ताई" म्हणत होते, आणि मी हळू जात नव्हते.

यात्रेत शिरलो तर घोडेच घोडे. पांढरे, काळे, तांबडे, अबलख; कुणाच्या गळ्यात घुंगरं, कुणाच्या आयाळीला रंगीत गोंडे. हलगीच्या तालावर एक घोडी पुढचे पाय उचलून नाचत होती आणि तिचा मालक तिच्याकडे अशा नजरेने बघत होता की त्याची बायको तिथे असती तर भांडण झालं असतं. लीद, ओला चारा, गरम जिलबी, धूळ. मी लोकांना विचारत सुटले, पाण्याच्या खात्याचे आप्पा दिसले का? कुणीही 'कोण आप्पा' असं विचारलं नाही. बोटं दाखवत दाखवत लोकांनी आम्हाला एका कडुनिंबाखाली पोचवलं. तिथे आप्पा एका बदामी घोडीचं तोंड उघडून दात बघत होते. तीन दिवस म्हणे याच घोडीभोवती घुटमळत होते. आम्हा दोघांना बघून त्यांनी तिचं तोंड सोडलं.

"काय व्हयनं? लाईन फुटनी का?"

मी सांगितलं. एका दमात, उभ्या उभ्या, तेवीस कागद आणि एक तारीख. आप्पा ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. "मी तं मन्ही तारीख लिखी," ते म्हणाले. "यास्नी काबर लिखी?"

"तुम्ही लिखी म्हनीसन," याकोबभाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता, तेच आप्पांना जास्त लागलं असावं.

आप्पा चाऱ्याच्या पेंढीवर बसले. डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला. मला त्यांची दया आली. हा माणूस आयुष्यभर गावाला पाणी सोडत आला. त्याच्या एका हाताच्या खुणेवर गल्ल्या ओल्या झाल्या. आपल्या मागे माणसं इतकी डोळे मिटून चालतात, हे त्याला सुखाचं वाटत असणार. त्या सुखाची दुसरी बाजू त्याला त्या दिवशी कडुनिंबाखाली दिसली. मग ते उठले, याकोबभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला.

"याकोब, आते मी टाकीवर नही शे. यो वॉल तुन्हा शे. तूच वाच, आन्‌ तूच फिराव."

मला वाटलं, झालं, आता सही होईल. पण याकोबभाऊंनी 'तूच वाच' हा हुकूम शब्दशः घेतला. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, पेंढीवर बसले आणि नमुना वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून. बोट ठेवून, ओठ हलवत. घरी कोकणी, गल्लीत अहिराणी, हद्दीपलीकडे उच्छलच्या बाजारात गुजराती, आणि चौथी ही आमची ऑफिसची मराठी, 'उपरोक्त' आणि 'तदनंतर' वाली. मी तिथे उभी राहून ऐकत होते आणि माझ्याच सूचनेची मला लाज वाटत होती. विहित म्हणे. विहित म्हणजे काय, हे त्यांनी मला विचारलं, तेव्हा मला पटकन सांगता आलं नाही. 'ठरवून दिलेला' एवढंच लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? एका वाक्याला त्यांना पाच मिनिटं लागत होती. हलगी वाजत होती, दुपार कलत होती, माझा जीव घड्याळात अडकला होता, आणि तरी त्यांच्या बोटाला घाई करायचं धाडस मला झालं नाही.  तेवढ्यात मागे बदामी घोडीचा सौदा दुसऱ्याच कुणीतरी केला. आप्पांनी एकदा मान वळवून बघितलं, आणि परत याकोबभाऊंच्या बोटाकडे बघायला लागले.

शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. याकोबभाऊंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ताई, मी गऊ तं मांगे मार्थाले काय भेटी?"

मी सांगितलं. कुटुंब निवृत्तिवेतन म्हणतात त्याला. तुमच्यापेक्षा कमी, पण तिच्या हयातीपर्यंत, आणि तेही नव्या पगारावर. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग तारीख लिहिली. पहिल्या दिवसाची, स्वतःची. आणि खाली सही केली.

परतीच्या रस्त्याचं मला काही आठवत नाही, इतक्या जोरात स्कूटी चालवली. आप्पा आपल्या मोटरसायकलवरून आमच्याही पुढे निघून गेले. पंपघराच्या आवारात त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणे इतक्या शिव्या घातल्या की शेजारच्या शाळेने खिडक्या लावून घेतल्या. मग प्रत्येकाला आपापलं सेवापुस्तक मांडीवर घेऊन बसवलं. शिपाई दाराला कुलूप लावायला आला तेव्हा माझ्या टेबलावर बावीस नवे विकल्प होते, सगळ्यांच्या तारखा ज्याच्या त्याच्या, आणि साहेब शिक्का मारता मारता शिंकत होते.

पेन्शनचा सुधारित आदेश यायला पुढे बरेच महिने गेले. तो घ्यायला याकोबभाऊ मार्थाबाईंना घेऊन आले. त्यांचे गुडघे दुखरे, जिना चढून आल्या तर धाप लागली होती. याकोबभाऊंनीच मला सांगितलं, तिला दाखवा, तिची ओळ कोणती ती. मी मार्थाबाईंचं बोट धरून कागदावर ठेवलं. ही ओळ यांची, हे जिवंत आहेत तोवर. ही खालची ओळ तुमची, यांच्या मागे. त्यांनी दोन्ही ओळींकडे नीट बघितलं. आकडे त्यांना वाचता येत होते.

"हा जिता, तर जास्त?" त्यांनी विचारलं.

"हो."

"हा मेला, तर कमी?"

"हो, बाई."

त्यांनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बाजारात बैल बघावा तसं. "मग याला जिताच ठेवते," त्या म्हणाल्या, आणि कागदाची घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली.

आता आठवा येईल. नवे नमुने येतील, नव्या तारखा येतील. या वेळची सूचना मी आत्ताच लिहून ठेवली आहे, दोन ओळींची, आणि ती आमच्या झाडूवाल्या बाईंना वाचायला देऊन बघितली. त्यांना कळली. माझीही निवृत्ती फार लांब नाही. माझा विकल्प मला भरायचा आहे, आणि मला भीती नाही वाटत, उलट कधी एकदा तो कागद हातात येतो असं झालं आहे.

निवृत्तांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत, हे येऊन दाखवायचं. परवा त्या शिंकांच्या दिवशीच दुपारी मार्थाबाई जिना चढून आल्या, एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने याकोबभाऊंचं मनगट धरून. याकोबभाऊ आता बरेच वाकलेत, कानाला कमी येतं. मार्थाबाईंनी त्यांना माझ्या समोरच्या खुर्चीत बसवलं, त्यांची टोपी सरळ केली, आणि मला म्हणाल्या, "ठेवलाय बघा, ताई. लिहा."

मी लिहिलं.